हप्ता फुकट गेला तर?

"मेडिक्लेमचे दरवर्षी ऐंशी हजार भरायचे, आणि कोणी आजारीच पडलं नाही तर?" समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी जोडप्यांत या प्रश्नावरून वाद झालेला असतो. लालबागच्या अशाच एका घराबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नवरा ४६ वर्षांचा, लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्सला. बायको घरून शिवणकाम करते, मुलगी दहावीत, सासूबाई ७३ वर्षांच्या. ताईंनी मेडिक्लेमची चौकशी करून कागद आणले आणि तेव्हापासून घरात धुसफूस सुरू झाली. त्या म्हणत होत्या, "यांच्या कंपनीचा विमा तीन लाखांचा. नोकरी गेली की तोही गेला." त्यावर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: "दहा मिनिटांवर केईएम आहे. एजंटची धन कशाला करायची?"

केईएमचा मुद्दा मी उडवून लावला नाही. १९२६ पासून ते रुग्णालय या भागाचा आधार आहे. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. फक्त आजार योजनेच्या यादीत हवा आणि रुग्णालय योजनेत सामील हवं. ज्या घरात हप्त्यासाठी उसनवारी करावी लागते, त्यांना मी स्पष्ट सांगते की आधी रेशनकार्ड आणि आधार नीट करून ठेवा, मेडिक्लेमच्या मागे लागू नका. त्यात कमीपणा काहीच नाही.

मग ऐंशी हजारांचा आकडा आला कुठून, ते पाहिलं. चौघांची एकत्र फ्लोटर पॉलिसी होती, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच विम्याची रक्कम, आणि फ्लोटरचा हप्ता सगळ्यात वयस्कर व्यक्तीच्या वयावर ठरतो. इथे सासूबाईंच्या. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कार्ड मिळतं. सासूबाईंचं ते काढायचं ठरलं. तिघांचाच हिशेब केला तर हप्ता निम्म्याहून खाली आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

आता आकडा झेपणारा होता, तरी नवऱ्याचा विरोध तसूभर कमी झाला नाही. उलट आवाज चढला. ताई म्हणाल्या, "साधा फॉर्म भरायला तयार नाहीत हो!" फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे रकाने होते. मी ताईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

आधी महागाईवर बोलून झालं, मग एजंटांवर. शेवटी म्हणाले, "मॅडम, मला शुगर आहे. गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतात." त्यांच्या वडिलांची अखेरची वर्षं डायलिसिसवर गेली होती. आईला पुन्हा तेच दिवस दिसू नयेत म्हणून त्यांनी घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं. तपासणीची धास्ती घेतलेला माणूस हप्ता महाग आहे असंच म्हणतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

ऑफिसातल्या एकाने त्यांना सल्ला दिला होता: "लिहूच नका. पाच वर्षं गेली की कंपनी काही विचारू शकत नाही." हा सल्ला मला फार घातक वाटतो. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हा नियम खरा आहे. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण मिळत नाही. आणि त्या पाच वर्षांतच झटका आला तर? आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बायकोला क्लेम नाकारल्याचं पत्र मिळेल, आणि नवऱ्याला मधुमेह होता हेही तिला त्या पत्रातूनच कळेल. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं. खरं लिहिलं तर काय होतं? हप्ता कदाचित थोडा वाढतो, आणि आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. म्हणूनच नोकरी आहे, कंपनीचा विमा पाठीशी आहे, तेव्हाच ही ३ वर्षं सुरू करायची. पन्नाशीनंतर नोकरी गेल्यावर सुरू केली, तर त्या काळात पाठीशी काहीच नसतं.

त्यांनी ताईंना तिथेच सांगितलं. ताई गप्प बसल्या आणि मग एकदम रडू लागल्या. "रोज डब्यात एवढा भात भरून देतेय मी यांना!" त्या दिवशी विम्याचा विषय मी पुढे नेलाच नाही.

पुढच्या भेटीत दोघांनी मिळून फॉर्म भरला, शुगरसकट. तिघांसाठी ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर्षाचा खर्च ५ लाखांच्या वर गेला तर त्या वरच्या खर्चासाठी सुपर टॉप-अप, म्हणजे जोडीची दुसरी पॉलिसी. एका गोष्टीवर मी अडून बसले. हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल, पण खोलीभाड्याला मर्यादा असलेली पॉलिसी नको. मर्यादा दिवसाला ५ हजारांची असेल आणि खोली १० हजारांची घेतली, तर बहुतेक वेळा डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही निम्माच मिळतो. मुंबईत पाच हजारांत खासगी खोली मिळणं अवघडच.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत ताईंनी सगळी पानं वाचली आणि मोतीबिंदू, हर्नियासाठी दोन वर्षं थांबण्याच्या अटीखाली पेन्सिलने रेघा मारून शंका विचारायला त्या माझ्याकडे आल्या. या वेळी नवरा स्वतःहून सोबत आला होता, एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, ताजा रिपोर्ट घेऊन.