गणपतीला ठाण्याहून कुडाळला गाडीने जायचंय. मुंबई–गोवा महामार्ग आता जाण्यासारखा झालाय का?

तुम्ही विचारलंय की २०२५च्या गणपतीला ठाण्याहून कुडाळला स्वतःच्या गाडीने निघायचं आहे, सोबत बहात्तर वर्षांची आई आहे आणि तिला कमरेचा त्रास आहे. मुंबई–गोवा रस्त्याने जावं की कोल्हापूरमार्गे? आणि हा रस्ता इतकी वर्षं पुरा का होत नाही?

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. शिमगा, मे महिना, गणपती आणि मध्येच कुणाचं लग्न किंवा बारावं मिळून वर्षाला चार फेऱ्या तरी होतात. शेवटची जुलै २०२५मध्ये झाली, पुढे सांगतोय ती रस्त्याची स्थिती तेव्हाची आहे. त्या आधारावर सांगतो: याच रस्त्याने जा, पण पहाटे निघा आणि संगमेश्वर–लांजा पट्टा काहीही करून उजेडात पार करा. शिवाय २३ ते २६ ऑगस्ट हे चार दिवस टाळा. गणपती २७ तारखेला बुधवारी आहेत, त्यामुळे शनिवारपासून सगळा मुंबई–ठाणे परिसर एकदम रस्त्यावर उतरेल. सुट्टी मिळत असेल तर २१च्या गुरुवारी पहाटे चारला घर सोडा. आईसाठी रेल्वेचं आरक्षण मिळालं तर फारच चांगलं, पण आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत गाड्या भरतात, हे तुम्हाला सांगायला नको.

हा एकच रस्ता आहे असं मनात धरू नका. राष्ट्रीय महामार्ग ६६ (आपल्या तोंडी अजून १७च आहे) पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर जातो, पण आपल्या वाट्याचा भाग तुकड्यातुकड्यांनी बांधला जातोय. पनवेलजवळचं पळस्पे ते रायगडातलं इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि इंदापूरपासून सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. त्या दुसऱ्या भागाचे पुन्हा दहा टप्पे. म्हणून एखादा कुडाळकर म्हणेल, रस्ता मस्त झालाय, आणि लांज्याचा माणूस हात जोडेल. दोघंही खरं बोलत असतात.

पनवेल सोडल्यावर कर्नाळा, पेण, वडखळ हा भाग पूर्वीच्या मानाने सुसह्य आहे. पुढे नागोठणे आणि कोलाडला उड्डाणपुलांची कामं चालू आहेत. तिथे सर्व्हिस रोडवर उतरावं लागतं आणि सर्व्हिस रोडला खड्डे आहेत. खरी कोंडी इंदापूर आणि माणगावला. दोन्हीकडचे बायपास अर्धवट असल्यामुळे सगळी वाहतूक बाजारपेठेतून जाते. एसटी स्टँड, रिक्षा, भाजीवाले, पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरणाऱ्या गाड्या, सगळं एकाच ठिकाणी. सकाळी सातच्या आत माणगाव ओलांडलंत तर पंधरा मिनिटं लागतील, दहानंतर पोचलात तर दोन तास धरा. चारला निघायला सांगतोय ते एवढ्यासाठीच.

माणगावनंतर महाड, पोलादपूर आणि कशेडी. इथे मात्र मनापासून बरं वाटतं. जुन्या घाटात ट्रकच्या मागे लागलं की पाऊण तास जायचा आणि मागच्या सीटवर कुणी ना कुणी ओकायचं. आता सुमारे दोन किलोमीटरचे जोड बोगदे आहेत, दहा मिनिटांत खेडच्या बाजूला निघता. आईच्या कमरेसाठी सगळ्या प्रवासातला हा सर्वांत चांगला भाग. पावसात आत पाणी ठिबकताना दिसेल, वेग कमी ठेवा.

परशुराम घाटात काँक्रीट झालंय, पण डोंगर अजून स्थिर नाही. जोराचा पाऊस लागून राहिला असेल तर खेड किंवा लोटेला थांबून चहा घ्या आणि घाटाची चौकशी करूनच पुढे जा. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपुलाचं काम आहे. १६ ऑक्टोबर २०२३ला याच पुलाचे गर्डर भरदिवसा कोसळले होते. कुणाचा जीव गेला नाही, पण आराखडा बदलावा लागला आणि काम पुन्हा मागे गेलं. तिथे अर्धा तास धरा.

आता माझा भाग. आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड या दोन टप्प्यांचे मिळून साधारण ९० किलोमीटर होतात, आणि सगळ्या महामार्गात सर्वांत जास्त रखडलेले हेच. संगमेश्वर, निवळी, हातखंबा, पाली, लांजा. कुठे उड्डाणपुलाचे नुसते खांब, कुठे एका बाजूचं काँक्रीट झालेलं, कुठे दोन्ही बाजूंनी लाल माती आणि मधून जुना डांबरी रस्ता. हातखंब्याला रत्नागिरी–कोल्हापूर रस्ता येऊन मिळतो, त्यामुळे अवजड गाड्याही तिथेच. हे ९० किलोमीटर दीड तासाचे, पण तीन तास हाताशी ठेवा.

इथे सर्वांत मोठा धोका खड्ड्यांचा नाही. खड्डा दिसला की माणूस आपसूक सावरतो. धोका असतो तो चांगला रस्ता जिथे एकदम संपतो तिथे. तुम्ही नव्याकोऱ्या काँक्रीटवरून ऐंशीच्या वेगाने येता, आणि वळणापलीकडे रस्ताच नसतो. चार दगड, एक पिंप, त्याला बांधलेली फाटकी लाल फीत, आणि डावीकडे खाली उतरणारा कच्चा वळसा. दिवसा शंभर पावलांवरून दिसतं. रात्री पाऊस असेल आणि समोरून बसचे दिवे डोळ्यांवर येत असतील, तर काहीच दिसत नाही. नव्या आणि जुन्या पट्ट्यांत कुठे कुठे वीतभर उंचीचा फरक आहे. ओव्हरटेक करताना चाक त्या कडेवरून घसरलं तर गाडी हातात राहत नाही. माझा चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी दुचाकीवरून अशाच एका कडेवरून पडला, खांदा निखळला. हेल्मेट होतं म्हणून पुढचं टळलं. ज्यांचं काम होतं त्यांनी दुसऱ्या दिवशी तिथे फलक लावला, तो आदल्या दिवशी लावता आला असता. हे लिहिताना आजही राग येतो.

वाकेड ओलांडलं की जीव भांड्यात पडेल. राजापूर, खारेपाटण, कणकवली, कुडाळ असा रुंद काँक्रीटचा रस्ता आहे, हे टप्पे बऱ्याच आधी झाले. इथे गाडी पळते, पण त्यामुळेच सांभाळा. गुरं रस्त्यावर बसलेली असतात आणि गावांचे जोडरस्ते थेट महामार्गावर येतात. सगळं जुळून आलं तर दुपारी तीन-साडेतीनला कुडाळ.

कोल्हापूरचा पर्याय पूर्वी मीच लोकांना सांगायचो, आता सरसकट सांगत नाही. द्रुतगती मार्गाने पुणे आणि पुढे सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर असं जाऊन गगनबावड्याने, फोंड्याने किंवा आंबोलीने उतरायचं. पण साताऱ्यापासून कागलपर्यंत त्या महामार्गाचं सहापदरीकरण चालू आहे, कऱ्हाडला मोठ्या उड्डाणपुलाचं काम आहे आणि वळसे तिथेही आहेतच. शिवाय शेवटी घाट उतरावाच लागतो. गगनबावड्याखालचा करूळ घाट जानेवारी २०२४ला रुंदीकरण आणि काँक्रीटसाठी बंद झाला तो वर्षभर बंदच होता, आणि पावसाळ्यात तिथे दरड येते. फोंडा घाट त्यातल्या त्यात भरवशाचा. आंबोलीला ऑगस्टमध्ये धुकं इतकं असतं की बॉनेटपुढचं दिसत नाही. कमरेचं दुखणं असलेल्या माणसाला घाटाची वळणं सोसत नाहीत. म्हणून परशुराम घाट बंद असल्याची पक्की बातमी असेल तरच कोल्हापूर, एरवी नाही. मधल्या ताम्हिणी किंवा कुंभार्लीने उतरण्यात अर्थ नाही, कारण संगमेश्वर–लांजा त्यानंतरच येतं.

२०२५च्या गणपतीसाठी कोकण रेल्वेने कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत गाड्या वाहून नेणारी रो-रो सेवा जाहीर केली, भाडं एका गाडीला ७,८७५ रुपये होतं. कणकवलीजवळ नांदगावला उतरायची सोय मिळाली तर तुमच्यासाठी विचार करण्यासारखं आहे. पण कोलाडपर्यंत गाडी चालवायची, तीन तास आधी पोचायचं, गाडी सोडून सगळ्यांनी वेगळ्या डब्यात बसायचं, हे सगळं धरून ठरवा.

आता इतकी वर्षं का, याचं उत्तर. चौपदरीकरण पळस्पे–इंदापूर भागात २०११ला सुरू झालं. ठेकेदाराने पैसे उभे करून रस्ता बांधायचा आणि टोलमधून वसूल करायचा, अशी ती पद्धत होती. जमीन पूर्ण ताब्यात नव्हती, कर्नाळ्याला अभयारण्य असल्याने परवानग्या अडल्या, आणि ठेकेदाराची आर्थिक गाडी रुतली. मार्च २०२३मध्ये याच तुकड्याच्या काँक्रिटीकरणाचं पुन्हा भूमिपूजन झालं. बारा वर्षांत एकाच रस्त्यावर दोनदा नारळ फुटला. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच: जमीन हातात येण्याआधी काम सुरू करायचं. मग यंत्रं येतात, झाडं पडतात, जुना रस्ता उखडतो, आणि मधल्या दोनशे मीटरवर सगळं थांबतं.

ते दोनशे मीटर का थांबतात, हे कोकणातल्या माणसाला सहज कळेल. एका सातबारावर तीसचाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली, वारसनोंद झालेली नाही. मोबदला द्यायचा कुणाला? परशुराम घाटाजवळ तर देवस्थान, खोत आणि कुळं यांच्यात वाटणी कशी व्हावी हा वाद न्यायालयात गेला. लोकांना दोष देऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन जाताना माणूस आपला हक्क मागणारच. हे कागद आधी साफ करून घ्यायचं काम सरकारचं होतं.

दुसरं कारण डोंगर आणि पाऊस. जांभा आणि मातीचा डोंगर उभा कापला की तो पहिल्या पावसात खाली येतो. जुलै २०२१मध्ये परशुराम घाटाखालच्या पेढे गावातल्या घरांवर दरड आली. त्याच दिवसांत चिपळूणला महापूर आला आणि वाशिष्ठीच्या पुलावरची वाहतूक तुटली. २०२२च्या उन्हाळ्यात तो घाट रोज दुपारचे काही तास बंद ठेवून खोदाई करावी लागली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काम जवळजवळ थांबतं, म्हणजे वर्षातले आठच महिने खरे. त्यात ठेकेदार बदलला की नव्या निविदेत एक वर्ष जातं. आरवली–वाकेडच्या बाबतीत हेच घडलं. मुदती मात्र येतच राहिल्या, डिसेंबर २०२३, मग डिसेंबर २०२४. उच्च न्यायालयात जनहित याचिका आहे आणि सुनावणीत नव्या तारखा सांगितल्या जातात.

पण काम होतच नाही, हे मी मान्य करणार नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळचा पूल वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि काही खाजगी गाड्या पाण्यात गेल्या. आमच्या बाजूची माणसं होती त्यात. त्यानंतर तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७मध्ये खुला झाला. हाच महामार्ग, हाच पाऊस, हीच नदी. तो पूल ओलांडताना मी दर वेळी वेग कमी करतो, आणि आमच्या संगमेश्वरच्या अर्धवट खांबांपाशी आलो की मनात तोच आकडा येतो.

निघताना गाडीत पुढच्या चाकांची हवा तपासा आणि जादा चाक खरंच वापरण्याजोगं आहे का बघा. खाणं घरचं घ्या. आईसाठी कमरेमागे घट्ट उशी, आणि दर दीड तासाला पेट्रोल पंपावर पाच मिनिटं चालणं. चिपळूणनंतर लांजापर्यंत स्वच्छ शौचालय शोधत बसू नका, चिपळूणलाच उरकून घ्या. गणपतीच्या काळात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचा पास मिळतो, तो पोलीस ठाण्यातून किंवा आरटीओतून आधीच घ्या. अवजड वाहनांना त्या दिवसांत बंदी असते, पण ती केव्हापासून लागू आहे हे बघून निघा.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी इथेच प्रतिक्रियेत लिहा. माझे काका हातखंब्याजवळ राहतात. त्यांना फोन करून त्या दिवशी कुठला वळसा चालू आहे आणि कुठे चिखल आहे ते विचारून तुम्हाला कळवतो.