'लोकांची मानसिकताच नाही' असं लिहिण्याआधी

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर दीड वर्ष झालं, ॲनिमियावर आठ सत्रं घेतली, लोहाच्या लाल गोळ्या वाटल्या, तरी बायकांचं हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "लोकांची मानसिकताच नाही." नेमकं हेच वाक्य मी एकदा माझ्या मासिक अहवालात लिहिलं होतं. यवतमाळ जिल्ह्यात एका संस्थेच्या कामावर होते तेव्हा. म्हणून लिहायला बसले, लांबेल जरा.

ओटावा सनद (आरोग्य संवर्धनाचा जागतिक जाहीरनामा), सामाजिक निर्धारक (आरोग्य ठरवणारी भोवतालची परिस्थिती) हे सगळं तुमच्या सहा महिन्यांच्या कोर्सात झालंच असेल, ते परत सांगत नाही. मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांच्या डोसाबद्दल तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचंच ऐका. मला सांगायचंय ते माझ्या एका चुकीबद्दल.

आमच्या कामात एक गाव होतं आणि अर्ध्या कोसावर त्याचा पोड, म्हणजे आदिवासी वस्ती. पोडावरच्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी, काहींच्या दातांवर आडवे पट्टे. मला कारण स्वच्छ दिसत होतं: दात घासत नाहीत आणि मोठ्यांचं पाहून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खातात. मग मौखिक आरोग्याची मोहीम काढली. ब्रश वाटले, पेस्ट वाटली, फ्लेक्स लावला आणि शाळेत स्वच्छ दातांची स्पर्धा घेतली. पोरं रांगेत उभी, प्रत्येकानं दात दाखवायचे, पहिल्या पाचांना कंपासपेटी. पाचही पेट्या गावातल्या पोरांना गेल्या. पोडावरची सातवीतली एक मुलगी होती, तिला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "रोज घासत जा गं." ती म्हणाली, "घासतो ना मॅडम." मी ते खोटं धरलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलताना तोंडावर हात धरूनच बोलायची.

पुढच्या उन्हाळ्यात पोडावर एका आजीच्या ओसरीत पाणी प्यायला टेकले. आजीचे दात शाबूत आणि पांढरे. कशानं घासता विचारलं, तर राखुंडीनं म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पोट्ट्यायले काहून बोलता बाई? बोरिंग झाली तवापासून दातं असे निंगून रायले. आमच्या टायमाले इहिरीचं पानी होतं."

पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हा, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, पाण्यातून फ्लोराइड (जमिनीतल्या खडकातून पाण्यात उतरणारा क्षार) जास्त गेलं की दाताचं वरचं कवचच बिघडून तयार होतं. दात बाहेर येतो तोच डागाळलेला. कितीही घासा, जात नाही. आजीचे दात विहिरीच्या पाण्यावर घडले होते, म्हणून पुढे बोअरचं पाणी पिऊनही ते पांढरे राहिले. तिचे गुडघे आणि कंबर मात्र धरलेली होती, आणि जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं-सांधेही धरतात. गावातली पोरं कोणतं पाणी प्यायची? एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरातल्या उघड्या विहिरीचं. त्या विहिरीवर पोडावरच्या बायकांना कुणी 'नाही' म्हणत नव्हतं, पण त्या कधी तिथं जातही नव्हत्या. का, हे इथं फोडून सांगायची गरज नाही. माझी पाचही बक्षिसं त्या विहिरीला गेली होती. वर मी वाटलेली पेस्ट फ्लोराइडची, आणि लहान पोरं पेस्ट गिळतात.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त नडलं ते. आजीचं ऐकून मी पाण्याचा नमुना दिला. एका सरकारी कार्यालयातून कागद आला: "पाणी पिण्यास योग्य." मी तो कागद फाइलला लावला आणि गप्प बसले. जवळपास एक वर्ष! त्या कागदावर फक्त जंतूंची तपासणी होती. फ्लोराइडचा रकाना कोरा होता आणि मी तो पाहिलाच नाही. नंतर विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "तुम्ही मागितलं नव्हतं." पुन्हा नमुना दिला, तेव्हा आकडा मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघाला. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. मग दुसऱ्या कार्यालयाच्या फेऱ्या. बोअर आमचा नाही. विहीर दुरुस्ती आमच्याकडे येत नाही. दातांचा विषय आरोग्यवाल्यांकडे न्या. आरोग्यवाले म्हणाले, पाण्याचा विषय पाणीवाल्यांकडे न्या. माझ्याबरोबर पोडावरच्या दोन बाया यायच्या, त्यांची प्रत्येक फेरीला दिवसाची मजुरी बुडायची आणि एसटीचं भाडं वेगळं. त्या वर्षात ज्या पोरांचे दात घडत होते, त्यांचं ते वर्ष कुणी भरून देणार नाही. अजून राग येतो.

म्हणून म्हणते, कोर्सात आरोग्य कशाकशानं ठरतं ते दाखवणारं इंद्रधनुष्यासारखं चित्र असतं ना, डालग्रेन आणि व्हाइटहेड यांचं १९९१ चं, ते पुन्हा काढा आणि आपण कोणत्या कमानीत उभ्या आहोत ते पाहा. मी सगळा वेळ आतल्या कमानीत होते: सवयी, स्वच्छता, खर्रा. पाणी, काम, अन्न, घर या बाहेरच्या कमानी. ओटावा सनदेत १९८६ साली पाच कामं सांगितली, त्यात माणसाला माहिती आणि कौशल्यं देणं हे एकच. उरलेली चार म्हणजे धोरण, भोवतालची परिस्थिती, लोकांनी मिळून केलेली कृती आणि आरोग्यसेवेची दिशा बदलणं. आपल्याकडे आरोग्य शिक्षणालाच आरोग्य संवर्धन म्हणायची पद्धत पडलीय, आणि माझ्या मते निम्मं नुकसान तिथंच होतं. सत्र घेतलं, सह्या घेतल्या, फोटो पाठवला, झालं.

पोडावर शेवटी काम झालं ते बचत गटाच्या बायकांमुळे. सलग तीन ग्रामसभांना येऊन त्या पुढं बसल्या. बोअरचं पाणी पिण्यासाठी नाही असा ठराव झाला, हातपंपाला लाल रंग लागला, पोडाची जुनी सार्वजनिक विहीर गाळ काढून, कठडा बांधून चालू केली आणि तिच्या पाण्याची फ्लोराइडसकट तपासणी करून घेतली. त्यानंतरचं माझं सत्र वीस मिनिटांत संपलं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट वाफ होऊन प्रमाण वाढतं. ब्लीचिंग पावडरनं जात नाही, साध्या कॅन्डल फिल्टरनंही नाही. एवढंच सांगायचं होतं. तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत आहे, आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं काढलेली, आणि ती काम करते. पण रोज मापून टाकणारं, ढवळणारं माणूस लागतं. आमच्याकडे ती दोन महिनेही टिकली नाही. शक्य असेल तिथं आधी चांगला स्रोत शोधा, यंत्रं आणि फिल्टर नंतर.

आता तुमचा ॲनिमिया. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, चुकत असेन तर सांगा. तुमची आठही सत्रं सकाळी अकराला झाली असं पोस्टमध्ये दिसतं. त्या वेळी बायका निंदणाला किंवा कापूस वेचायला वावरात असतात, म्हणजे आलेल्या त्या घरी राहू शकणाऱ्या. गोळी कधी घेतात ते विचारलंत का? पहाटे उपाशी पोटी घेतली की मळमळतं आणि त्याच पोटानं वावरात वाकायचं असतं. शौचाला काळं होतं, हे आधी सांगितलं नाही तर त्या घाबरून सोडतात. जेवणाबरोबर चहा असेल तर लोह नीट अंगी लागत नाही. शेतात अनवाणी काम आणि उघड्यावर शौच असेल तर आकडीकृमी रक्त पीत असतो, तिथं नुसत्या गोळ्या किती पुरणार? घरात शेवटी कोण जेवतं आणि तेव्हा टोपल्यात काय उरलेलं असतं, तेही पाहा. खर्ऱ्याबद्दल बायकांना रागवू नका. भूक मारायला खातो असं मला कितीतरी जणींनी सांगितलंय.

आणि विदर्भात असताना सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक रक्तविकार, विसरू नका. वर्षभर गोळ्या नीट घेऊनही जिचं हिमोग्लोबिन चढत नाही, तिची सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) झालीय का ते पाहा, पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी करून घ्या. अशा बाईला 'तू गोळ्या खात नाहीस' म्हणणं म्हणजे मी त्या मुलीला म्हटलं तसंच होईल.

ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समितीचा अबंधित निधी (गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येणारा) असतो, वर्षाला साधारण १०,००० रुपये. कृपा करून त्याचे फ्लेक्स छापू नका. पाण्याची रासायनिक तपासणी त्यात बसते का ते समितीत मांडा. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत द्यायचा, जंतूंचा वेगळ्या निर्जंतुक बाटलीत. अर्जावर फ्लोराइड आणि नायट्रेट हे शब्द स्वतःच्या हातानं लिहा आणि पोच घ्या. अहवाल आला की 'योग्य' हा शब्द शेवटी वाचा, आधी कोरे रकाने मोजा.

पुढची बैठक वेचणीच्या दिवसांत असेल तर रात्री जेवणं झाल्यावर ठेवा, उपकेंद्रात नाही, त्यांच्याच ओट्यावर. तारीख ठरवण्याआधी आशाताईला विचारा, त्या आठवड्यात बाया कुणाच्या वावरात जाणार आहेत. आणि पहिल्या बैठकीला गोळ्यांचा डबा नेऊ नका, फक्त वही न्या.