सही तुझ्याच हातची असू दे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पक्षात पूर्णवेळ काम करायचे ठरवलेस आणि पहिल्याच बैठकीत तुझ्या वाट्याला स्वागताची रांगोळी आली, हे वाचून वाईट वाटले. आम्हालाही जिल्हा बैठकीत मागच्या सतरंजीवर बसवत आणि ठराव संमत झाला की टाळ्यांपुरती आमची आठवण काढत. तो सल माझ्या मनात अजून आहे. तू बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम मागून घे. पुढच्या वेळी ते वाचायला तुलाच उभे राहावे लागेल, आणि कोणी काय कबूल केले होते ते सर्वांसमोर तुझ्या तोंडून येईल.

आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजनांनी 1989 साली प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्यांना हरवले, पुढे 2014 पर्यंत सलग आठ वेळा त्या निवडून आल्या आणि लोकसभेच्या अध्यक्षाही झाल्या, हे घरोघरी सांगितले जाते. त्याआधी त्या नगरनिगमात, म्हणजे इथल्या महानगरपालिकेत, पार्षद म्हणजे नगरसेविका होत्या, 1984 साली उपमहापौर झाल्या आणि 1985 ची विधानसभा हरल्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मला तीच वर्षे मोलाची वाटतात, कारण नळ, गटार आणि रस्त्याची फाइल कोणत्या टेबलावर अडते, हे वॉर्डातच कळते.

माझा पहिला अर्ज परत आला होता. ‘आमच्या भागात पाणी येत नाही’ एवढेच मी कळकळीने लिहिले होते. मग मी आणि शेजारच्या दोघीजणी आठवडाभर पहाटे उठून, कोणत्या गल्लीत नर्मदेचे पाणी किती वाजता आले आणि किती हंडे भरले, हे एका वहीत टिपत गेलो; शेवटच्या सात घरांत धार करंगळीएवढीही नव्हती. ती वही जोडून दुसरा अर्ज दिला, त्याची पोच शिक्क्यासह घेतली, तेव्हा कुठे अभियंता गल्लीत आला.

मध्य प्रदेशात नगरनिगमाच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी निवडून आलेल्या बाईच्या जागी तिचे यजमान बैठकीला बसतात आणि लोक त्यांना बिनदिक्कत ‘पार्षदपती’ म्हणतात. 2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांतही एक तृतीयांश जागांची तरतूद केली आहे. तिथेही हेच व्हावे, हे मला सहन होणार नाही. म्हणून उद्या तू निवडून आलीस, तर कोऱ्या लेटरहेडवर सही करून घरच्या कोणाकडेही देऊ नकोस, वडिलांकडेसुद्धा नाही.

रविवारी सकाळी ये. तुमच्या बूथची मतदारयादी आण. लग्न होऊन आलेल्या किती सुनांची नावे अजून तिच्यात चढलेली नाहीत, ते आपण घरोघर जाऊन पाहू आणि कुठेच नाव नसलेल्यांचे नवीन नोंदणीचे सहा नंबरचे, तर माहेरच्या यादीत नाव असलेल्यांचे पत्ता बदलाचे आठ नंबरचे फॉर्म तिथेच भरून घेऊ.

तुझी,
मावशी