ब्लेडवर पळायच्या आधी

गुडघ्याखाली पाय गेलाय आणि पुन्हा पाठीवर पिट्ठू (सामानाची पिशवी) घेऊन पळायचंय, तर मित्रा, ब्लेडची, म्हणजे पळण्यासाठीच्या वाकड्या पट्टीसारख्या कृत्रिम पायाची, घाई करू नकोस. आधी सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ती वाटी जिच्यात उरलेला पाय बसतो. स्टंप, म्हणजे हा उरलेला पाय, दिवसभरात आक्रसतो. सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट दुपारी सैल होतं, पाय आत खाली सरकतो आणि नडगीचं टोक तळाला घासतं. तिथे दुखलं की थांब, स्टंपवर एक प्लायचा (एका थराचा, पातळ) मोजा चढव, उभा राहून बघ. रोज मोजे वाढतच चालले, तर सॉकेट बदलायला झालंय. सॉकेट काढल्यावर स्टंपवरची लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, तर ते पुन्हा घालू नकोस, आधी प्रोस्थेटिस्टला, म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्याला, दाखव.

झोपताना गुडघ्याखाली उशी नकोच. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. खुबाही असाच आखडतो, त्यासाठी रोज दोनदा वीस मिनिटं पालथा पड.

मग कृत्रिम पायावर एकट्याने तोल, मग जागच्या जागी उड्या. ब्लेडला टाच नसते, त्यामुळे स्थिर उभं राहणंच अवघड. थांबायला आधी शीक. पिट्ठू सगळ्यात शेवटी. ब्लेडचा कडकपणा वजनावरून ठरतो, म्हणून किती किलो उचलणार ते प्रोस्थेटिस्टला माप घेतानाच सांग.