घरात लॅबचं पिल्लू आणि मांजर दोन्ही आहेत, शॅम्पू, गोचिडांचं औषध, जंताची गोळी वगैरे काय बघून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू आणलंय, मांजर आधीपासूनच आहे, आणि दुकानदाराने शॅम्पू, गोचिडांचे थेंब, पावडर, जंताची गोळी, कॅल्शियमचं सिरप, टूथपेस्ट अशी मोठी यादी हातात दिलीय, तर यातलं काय घ्यायचं आणि कुठल्या कंपनीचं. मी इंदूरचीच, रामबागेत राहते, आमच्याकडे एक देशी कुत्री आणि दोन मांजरी आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंपनी मी सगळ्यात शेवटी बघते. तुमच्या घरात मांजर आहे ना, मग कुत्र्यासाठीची वस्तूसुद्धा मांजराकडे बघून घ्यायची, माझ्यासाठी हा पहिला नियम. मांजराचं लिव्हर काही रसायनं फोडून बाहेर टाकू शकत नाही, त्यासाठी लागणारं एन्झाइम तिच्यात फारच कमी असतं, जे कुत्र्याला आरामात पचतं तेच तिला विष होतं. त्यात ती दिवसभर स्वतःला चाटत असते आणि पिल्लाशी गट्टी जमली की त्यालाही चाटणार, त्याला चिकटून झोपणार. म्हणजे कुत्र्याच्या अंगाला जे लावाल ते मांजराच्या पोटात जाणार असंच धरून चाला.

यात सगळ्यात घातक म्हणजे परमेथ्रिन हे कीटकनाशक. कुत्र्यांच्या गोचिड-पिसवांच्या काही थेंबांमध्ये ते भरपूर असतं, काही पावडरींत आणि शॅम्पूंतही असतं, आणि गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन तर लोक सर्रास पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर ओततात. पाकिटावर मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, त्यात ज्याच्या नावाचा शेवट 'थ्रिन' असा आहे ते मांजर असलेल्या घरात आणू नका. (फ्लुमेथ्रिन असलेले काही गळपट्टे मांजरांसाठी बनवलेले असतात, पण त्यावर मांजरांसाठी म्हणून स्पष्ट छापलेलं असेल तरच, आणि तेही डॉक्टरांना विचारून.)

आमच्या शेजारच्या काकूंच्या मांजरीला पिसवा झाल्या होत्या, त्यांना एका दुकानातून "मांजरालाही चालतं, फक्त अर्धंच घाला" असं सांगून कुत्र्याचे थेंब दिले गेले. संध्याकाळी मला हाक मारली तेव्हा मांजरीचे कान सारखे फडफडत होते, पाठीची कातडी थरथरत होती, उभं राहायला गेली की मागचे पाय लटपटायचे, थोड्या वेळाने तर अख्खं अंग झटके खायला लागलं. भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन आम्ही ती मानेमागची जागा धुतली, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि थेट डॉक्टरांकडे. वाचली बिचारी, पण नुसतं धुऊन भागलं नाही, तिथे ठेवून इंजेक्शनं द्यावी लागली. असं कधी झालं तर घरी दूध पाजत वेळ घालवू नका, आणि गरम पाणी अजिबात वापरू नका, कातडीतलं रक्त वाढतं आणि औषध आणखी आत जातं. आणि हे "अर्धं घाला" तर विसरूनच जा, कुत्र्याचं औषध अर्धं केल्याने मांजराचं होत नाही.

मग लावायचं काय? फिप्रोनिलचे थेंब बऱ्यापैकी सुरक्षित पर्याय आहे, ते कुत्र्याचं वेगळं आणि मांजराचं वेगळं मिळतं. मांजराची नळी ०.५ मिलीची असते, कुत्र्यांमध्ये १० किलोपर्यंत ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४, २० ते ४० किलोला २.६८. (कधी ससा पाळलात तर त्याला मात्र फिप्रोनिल लावायचं नाही.) घेतानाही पूर्ण घटक वाचा, कारण फिप्रोनिलसोबत परमेथ्रिन मिसळलेलेही प्रकार असतात. आणि एक सांगते, लॅबचं पिल्लू इतकं भराभर वाढतं की स्वस्त पडतं म्हणून सहा नळ्यांचा पॅक घेऊन ठेवलात तर पुढच्या काही महिन्यांत त्याचं वजन वरच्या गटात जाईल आणि उरलेल्या नळ्या तशाच पडतील. एकेक घ्या. वजनासाठी काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग पिल्लाला उचलून उभे राहा, वजाबाकी करा, झालं.

लावायची पद्धतही सांगून ठेवते कारण बहुतेक लोक केसांवरच ओततात आणि मग औषध कामच करत नाही म्हणतात. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे, दोन्ही हातांच्या बोटांनी केस बाजूला करायचे, इतके की गुलाबी कातडी दिसली पाहिजे, नळीचं तोंड कातडीला टेकवून दाबायचं आणि मग वाळेपर्यंत चोळायचं नाही. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही, आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा.

एवढं करूनही गोचीड दिसले तर औषधाला लगेच नावं ठेवू नका. आपल्याकडचा तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की कुत्र्याच्या अंगावरून उतरतो आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात जाऊन बसतो, मादी तिथे हजारोंनी अंडी घालते. म्हणजे तुम्ही कुत्र्याला किती का औषध लावा, भेगा तशाच राहिल्या तर पावसाळ्यात परत सगळं सुरू. भेगा बुजवा, पिल्लाचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, कोपऱ्यांतून व्हॅक्युम फिरवा. मला विचाराल तर पावडर घेऊच नका, पिल्लाच्या नाकात जाते, मांजराच्या जिभेवर जाते, आणि घरभर सांडते ती वेगळी. ताप, जेवणावरची वासना जाणं, हिरड्या पांढऱ्या पडणं असं काही दिसलं तर थेट रक्त तपासा, कारण गोचिडांतून एर्लिकिया आणि बेबेसियासारखे आजार होतात आणि त्यात उशीर परवडत नाही.

चघळायच्या गोळ्याही मिळतात, फ्लुरालेनर साधारण १२ आठवडे चालते, अफॉक्सोलेनर महिनाभर. मांजर असलेल्या घरात मला त्या बऱ्या वाटतात कारण अंगावर काहीच राहत नाही, मांजर चाटली तरी प्रश्न नाही. पण या गटातल्या औषधांबद्दल २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला होता की काही जनावरांना झटके येऊ शकतात, तर पिल्लाला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि वजन-वय बघून चिठ्ठीवरच घ्या.

जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि सोबत फेनबेंडाझोल किंवा फेबांटेल असतं, कुत्र्यांच्या बऱ्याच गोळ्यांचं प्रमाण १० किलोला एक असं असतं पण पाकिटावर बघूनच द्या. सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, नंतर साधारण तीन महिन्यांनी. मांजराची गोळी वेगळी येते, तिलाही त्याच दिवशी द्या, नाहीतर एकाचे जंत दुसऱ्याला लागतात. पिसवा असतील तर त्याही सोबतच घालवायला हव्यात, कारण चाटताना पिसू गिळली गेली की तिच्यातूनच एक प्रकारचा पट्टकृमी पोटात जातो.

आता कॅल्शियमचं सिरप. यावर मी जरा ठामपणे बोलणार आहे. पिल्लू मोठ्या जातीचं आहे म्हटलं की प्रत्येक जण कॅल्शियम द्या म्हणतो, दुकानदारही, शेजारीही. पण तुम्ही जर पिल्लांचं तयार खाणं देत असाल तर त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस मोजून घातलेलं असतं, वरून सिरप घातलंत तर प्रमाण बिघडतं, आणि लॅबसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाची हाडं आणि सांधे जास्त कॅल्शियमने वाकडे वाढू शकतात. त्याच्या कमरेच्या सांध्यांना तसाही धोका असतोच. घरचं जेवण देत असाल तर ते डॉक्टरांना नीट सांगा, ते बघून सांगतील, स्वतःच्या मनाने नको. यादीतली ही ओळ मी तरी खोडूनच टाकेन.

खाणं घेताना पाकिटावर 'पूर्ण आहार' आहे की फक्त 'पूरक' ते बघा, आणि पिल्लाला मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी लिहिलेलं घ्या. मांजरीला कुत्र्याचं खाणं रोज द्यायचं नाही, तिला टॉरिन नावाचं पोषक तत्त्व खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. आपल्या बऱ्याच घरांत मांजर पोळी-दुधावर वाढते, दिसायला गुटगुटीत असते म्हणून कुणाला काळजी वाटत नाही, पण तिला मांस, मासे किंवा मांजरांसाठीचंच खाणं पाहिजे. आणि इंदूरकर म्हणून हात जोडून सांगते, लसणाची सेव कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नका, पोह्यांवरचा कांदाही नको, कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट पण नाही.

शॅम्पूचं फार टेन्शन घेऊ नका. आपल्या कातडीचा पीएच साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या जवळ, म्हणून आपला शॅम्पू नको, कुत्र्याचा साधा, कमी वासाचा घ्या आणि महिन्यातून एकदा-दोनदा पुरे. औषधी शॅम्पू, म्हणजे क्लोरहेक्सिडिन किंवा कीटोकोनाझोलवाला, खाज किंवा फंगस असेल तरच, आणि तो लावून दहा मिनिटं ठेवावा लागतो, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. टी ट्री ऑइल लिहिलेलं काहीही मांजरापासून लांब ठेवा. पावसाळ्यात आतले केस ओले राहिले की लॅबला गरमीचे चट्टे उठतात, तेव्हा शॅम्पूपेक्षा चांगला जाड टॉवेल जास्त उपयोगाचा.

फरशी पुसायला फिनेल वापरत असाल तर ते बंद करा, फिनॉलवाली फिनेलं आणि डेटॉलसुद्धा मांजरांना चालत नाही, पंज्याला लागतं आणि ती पंजा चाटते. मी साध्या साबणाच्या पाण्याने पुसून वर स्वच्छ पाणी फिरवते.

टूथपेस्ट आपली अजिबात नाही, फ्लोराइड असतं, काहींत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असतं आणि झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते. कुत्र्यांची पेस्ट गिळली तरी चालते अशी असते, तीच घ्या आणि पिल्लू आहे तोवरच बोटाने सवय लावा.

घरातल्या औषधांच्या डब्याला तर हातच लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याला पण नको. अंग गरम वाटलं तर आधी थर्मामीटर लावा, या दोघांचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, हाताला गरमच लागणार.

जनावरांच्या औषधावर आपल्याकडे जनावराच्या डोक्याचं चित्र आणि 'माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' असं छापलेलं असावं लागतं. औषध म्हणून विकतायत आणि हे दोन्ही नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी खोडलेली आहे, तर दुकानातच परत द्या. मे महिन्यात ऑनलाइन मागवलंत तर पार्सल उन्हात किती वेळ पडलं होतं ते कळत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी औषधं पक्क्या बिलावर दुकानातूनच घेते.

काही अडलं, किंवा डॉक्टर दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर महूला व्हेटरनरी कॉलेज आहे, जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाखालचं, इंदूरहून पंचवीसेक किलोमीटर, पिल्लाला गाडीत घालून सकाळी निघा. जाताना आतापर्यंत जे काही लावलं किंवा खायला दिलं त्या सगळ्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाईलमध्ये काढून न्या. आणि दुकानदाराने दिलेले थेंब अजून फोडले नसतील तर त्यावरचे घटक इथे कमेंटमध्ये टाका, मी बघून सांगते, तोवर लावू नका.