नकोशा मतांचा परदेशी पाहुणा आणि आपले व्यासपीठ

प्रश्न : आमच्या गावातील वाचनालय दर हिवाळ्यात व्याख्यानमाला भरवते. यंदा कार्यकारिणीतील काही तरुण सदस्यांनी शेजारच्या देशाच्या एका माजी परराष्ट्रमंत्र्यांना दूरदृश्य प्रणालीद्वारे बोलवावे असे सुचवले आहे. या गृहस्थांची भारताविषयीची मते आम्हा बहुतेकांना संतापजनक वाटतात. मी प्रस्तावाला विरोध केला. ज्यांच्या सरकारमुळे आपल्या जवानांच्या घरांत दुःख आले, त्यांना आपण मान का द्यावा? शिवाय घटनेने दिलेले भाषणस्वातंत्र्य नागरिकांसाठी आहे, परक्यांसाठी नाही. आपले मत कळावे.
– एक निवृत्त शिक्षक, चोपडा

उत्तर : आपला विरोध ज्या दुःखातून आला आहे ते दुःख खरे आहे. आपल्या जिल्ह्यातील गावांनी तिरंग्यात लपेटून आलेली आपली मुले पाहिली आहेत, आणि त्या घरांना काय वाटेल हा विचार कोणत्याही कार्यकारिणीने सर्वांत आधी केला पाहिजे. तरीही मी आपल्या तरुण सदस्यांच्या बाजूचा आहे.

कायद्याविषयी आपण म्हणता ते अक्षरशः बरोबर आहे. कलम 14 (समानता) आणि 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीला मिळते, मात्र कलम 19 मधील भाषणासारखी स्वातंत्र्ये केवळ नागरिकांची आहेत. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार फार व्यापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1955 च्या हान्स म्युलर प्रकरणातच स्पष्ट केले. परंतु आपल्या सभागृहात जो हक्क पणाला लागला आहे तो त्या माजी मंत्र्यांचा नाही, तो समोर बसणाऱ्या चोपड्याच्या श्रोत्यांचा आहे, आणि ते सारे नागरिक आहेत. नभोलहरींवरील मालकीच्या प्रश्नावर 1995 साली निकाल देताना याच न्यायालयाने माहिती मिळवण्याचा आणि निरनिराळी मते जाणून घेण्याचा नागरिकांचा हक्क भाषणस्वातंत्र्याच्या पोटातच धरला. अमेरिकेत 1969 साली बेल्जियमचे मार्क्सवादी विचारवंत अर्नेस्ट मँडेल यांना व्याख्यानांसाठी प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांना बोलावणाऱ्या प्राध्यापकांनी आमच्या ऐकण्याच्या हक्काचे काय, असाच मुद्दा न्यायालयापुढे मांडला होता. 1972 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क नाकारला नाही, पण बहुमताने कौल सरकारच्या बाजूने दिला. मला तो निकाल चुकीचा वाटतो, कारण ज्याची पुस्तके दुकानांत उघड विकली जात होती त्या माणसाला प्रश्न विचारण्याची संधी तेवढी त्या निकालाने अमेरिकन विद्यार्थ्यांकडून काढून घेतली.

आपण इतिहास शिकवला असेल किंवा नसेल, पण 1931 चा सप्टेंबर आठवून पाहावा ही विनंती. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन या गिरण्यांच्या गावी गेले. विदेशी कापडावरील बहिष्काराने तिथल्या बेकारीत भर पडली होती. त्या कामगारांच्या दृष्टीने गांधीजी हे आपली रोजी हिरावणारे, परक्या देशातून आलेले वादग्रस्त पुढारी होते. त्या लोकांनी त्यांना भेटू दिले, आपली गाऱ्हाणी तोंडावर सांगितली, आणि गांधीजींनी भारतातील खेड्यांची उपासमार त्यांच्यापुढे मांडली. बहिष्कार काही मागे घेतला गेला नाही, पण दोन्ही बाजूंच्या गरिबांनी एकमेकांची परिस्थिती मधल्या कोणाच्या तोंडून न ऐकता थेट जाणून घेतली. कापूस पिकवणाऱ्या आणि अमळनेरच्या प्रताप मिलचा भोंगा ऐकत वाढलेल्या आपल्या भागाला या भेटीचे मोल अधिक कळावे. त्या कामगारांनी आपल्यासारखाच विचार करून दार लावून घेतले असते, तर आज आपण त्यांना दोष दिला असता.

याच्या उलट उदाहरण शापुरजी सकलातवाला यांचे. मुंबईत जन्मलेले हे पारशी गृहस्थ लंडनच्या बॅटरसी भागातून ब्रिटिश संसदेवर निवडून आलेले कम्युनिस्ट होते. 1925 साली अमेरिकेने त्यांचा प्रवेशपरवाना रद्द केला. 1927 मध्ये त्यांनी भारताचा दौरा केला, सभा गाजवल्या, आणि त्यानंतर सरकारने त्यांना पुन्हा भारतात येऊ दिले नाही. गांधीजींचे त्यांच्याशी तीव्र मतभेद होते, आणि सकलातवालांनी केलेल्या उघड टीकेला गांधीजींनी 'यंग इंडिया'तून तितकेच उघड उत्तर दिले. सत्तेने मनाई केली आणि नेत्याने उत्तर दिले, या दोन वागणुकींपैकी कोणती आपली, हे ठरवणे मला अवघड वाटत नाही. आपल्या खान्देशानेही हे केले आहे. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा अनेक वर्षे परदेशात राहून साम्यवादी चळवळीत वावरलेले आणि तुरुंगातून नुकतेच सुटलेले एम. एन. रॉय त्या अधिवेशनाला उपस्थित होते. त्यांची मते तिथल्या पुष्कळांना पटणारी नव्हती.

आता मानाचा मुद्दा. व्यासपीठ देणे आणि सन्मान करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, मात्र यजमानाने तो वेगळेपणा कृतीने दाखवावा लागतो. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आपल्याला बाबासाहेबांमुळे ठाऊक आहे. 1933 साली तिथे हिटलरच्या जर्मनीचे राजदूत हान्स लुथर यांचे भाषण झाले. विद्यार्थ्यांनी निषेध केला, तर विद्यापीठाच्या अध्यक्षांनी लुथर यांना सौजन्याने व आदराने वागवले पाहिजे असा आग्रह धरला. ज्या वर्षी जर्मनीत पुस्तकांच्या होळ्या झाल्या त्याच वर्षीचा हा आदर त्या विद्यापीठाला शोभला नाही. 24 सप्टेंबर 2007 रोजी त्याच विद्यापीठात इराणचे अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद आले. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी त्यांची ओळख करून देतानाच ज्यूंच्या नरसंहाराविषयीच्या त्यांच्या वक्तव्यांबद्दल आणि इराणमधील छळाबद्दल त्यांना जाहीर जाब विचारला. पाहुण्याला क्षुद्र हुकूमशहा म्हणण्याइतकी त्यांची भाषा तिखट होती, आणि यजमानाने तेवढे टोक गाठू नये असे मला वाटते. परंतु पुढे प्रश्नोत्तरांत, आमच्या देशात तुमच्या देशासारखे समलिंगी लोक नाहीत, असे अहमदीनेजाद म्हणाले आणि सभागृह हसले. त्यांच्या राजवटीचे जे रूप त्या एका उत्तराने जगाला दिसले ते त्यांना विमानतळावरून परत पाठवून दिसले नसते. ब्रिटनने फेब्रुवारी 2009 मध्ये नेदरलँड्सचे इस्लामविरोधी राजकारणी गेर्ट विल्डर्स यांना हीथ्रोवरून परत पाठवले. त्याच वर्षी न्यायाधिकरणाने तो आदेश फिरवला आणि ते अधिक गाजावाजात लंडनला पोचले.

एक अपवाद मला मान्य आहे. 2017 साली तुर्कस्तानचे मंत्री नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या तुर्की मतदारांपुढे आपल्या देशातील सार्वमताचा प्रचार करू पाहत होते, तेव्हा डच सरकारने त्यांना रोखले. परक्या भूमीवर सत्ताधाऱ्यांनी आपला निवडणूक प्रचार चालवणे हा भाषणस्वातंत्र्याचा भाग नाही. कोणी हिंसेला चिथावणी देत असेल तर त्यालाही हेच लागू. आपले पाहुणे या दोन्हींत बसत नाहीत.

प्रश्न : तत्त्व ठीक आहे, पण कोणी कार्यक्रम उधळण्याची धमकी दिली तर लहान गावातील संस्थेने काय करावे?
– विधी शाखेची विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : ऑक्टोबर 2015 मध्ये मुंबईत पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी यांच्या पुस्तकाचे प्रकाशन होते. सकाळी संयोजक सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला शाई फासली गेली. ते त्याच चेहऱ्याने पत्रकारांपुढे बसले आणि संध्याकाळी पोलीस बंदोबस्तात कार्यक्रम झाला. त्याआधीच्या आठवड्यात पाकिस्तानी गझलगायक गुलाम अली यांची मुंबईतील मैफल मात्र रद्द झाली होती. 2019 च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनात तर उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रणच मागे घेण्यात आले, आणि त्या परदेशीही नव्हत्या. बोलावून नकार देणे हे न बोलावण्यापेक्षा वाईट आहे, कारण त्यातून पुढच्या प्रत्येक धमकीला बळ मिळते.

कायदा संयोजकांच्या बाजूने आहे. एस. रंगराजन प्रकरणात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येत नाही, तिचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. म्हणून पोलीस ठाण्याला लेखी पत्र आधी द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि विरोधकांना निदर्शनांसाठी जागा ठरवून द्यावी, कारण निषेध हाही त्यांचा तितकाच हक्क आहे. चोपड्याच्या कार्यकारिणीसाठीही एवढेच सांगेन : हारतुरे नकोत, निम्मा वेळ प्रश्नांना ठेवावा, पहिला प्रश्न विचारण्याची विनंती एखाद्या माजी सैनिकाला करावी, आणि कोणताही प्रश्न आधी पाहुण्यांकडे मंजुरीसाठी पाठवू नये.