आधी पाणी, मग रॅम्प

प्रिय,

पाणथळीजवळच्या इंटरचेंजच्या (दोन मोठे रस्ते पूल आणि रॅम्पने जोडणाऱ्या जागेच्या) सुधारणेचे तुझे तिन्ही पर्याय पाहिले. आखणी नीटस आहे, वाहतुकीचे आकडेही जुळतात. पण तिन्ही नकाशांत पाणथळ जागा एका निळ्या रेघेशी संपते आणि रॅम्प त्या रेघेला खेटून बसलेत. ती रेघ पाण्याला ठाऊक नाही.

साइटवर जा, तेही कोरड्या दिवसांत. रेघेच्या बाहेर हातभर खड्डा खण. राखाडी मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर वर गवत वाळलेलं असलं तरी ती जमीन वर्षातून बराच काळ पाण्याने भरलेली असते. कडा तिथपर्यंत धर.

रस्त्यासाठी घातलेल्या मातीच्या भरावाखाली किती जागा जाते, एवढंच सगळे मोजतात. खरं नुकसान त्याच्या दोन्ही अंगांना होतं. उथळ पसरत जाणारं पाणी अडतं. वरची बाजू तुंबते, खालची वाळते. एकच मोठी मोरी दिली तर पाणी तिथून जोरात सुटतं आणि तळ खरवडतं. त्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावर मोऱ्या दे, नाहीतर रस्ता सरळ खांबांवर घे. महाग पडेल, कबूल. पण पीटसारख्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) मऊ मातीवरचा भराव वर्षानुवर्षं खचत राहतो; तो खर्च पर्यायांच्या तक्त्यात क्वचितच दिसतो. (मुद्दाम वगळतात, असा माझा संशय आहे.)

क्लोव्हरलीफचे, म्हणजे चार पाकळ्यांसारख्या इंटरचेंजचे, गोल फिरणारे लूप फार जागा खातात. डिव्हर्जिंग डायमंडला (यात दोन्ही दिशांची वाहतूक पुलापुरती बाजू बदलते) लूप लागत नाहीत, बरेचदा जुना पूलही वापरता येतो. मात्र त्यात सिग्नल आले; दोन्ही रस्ते विनाथांबा हवे असतील तर तो चालणार नाही.

रस्त्यावरचं पाणी थेट पाणथळीत सोडू नकोस. टायर टिकावेत म्हणून त्यांच्या रबरात ६पीपीडी हे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्यापासून बनणारं क्विनोन हे रसायन रस्त्यावरच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन कोहो सामन माशांना मारतं, हे २०२० मध्ये उघड झालं. पाणी आधी झाडोऱ्याच्या, मातीच्या थरांतून गाळून घे. त्याची जागा आत्ताच राख, नंतर कुणी देत नाही.

आणि अहवालातलं 'दुसरीकडे पाणथळ तयार करू' हे वाक्य सध्या काढून टाक. आधी टाळायचं, मग कमी करायचं, भरपाई त्यानंतर. भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या या महिन्यात बसवून घे. निदान एका ओल्या आणि एका कोरड्या हंगामाच्या नोंदी हाती येईपर्यंत चौथा पर्याय काढायला बसू नकोस.